जन्म मंगरूळचा, पुरावा कुठला?

१९४२ साली मंगरूळपीरजवळच्या एखाद्या खेड्यात जन्मलेला माणूस गाव न सोडताही चार राज्यांत आणि दोन जिल्ह्यांत राहिला. जन्मला तेव्हा गाव मध्य प्रांत व वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात. २६ जानेवारी १९५० ला ते मध्य प्रदेशात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पुढे १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला आणि मंगरूळपीर त्याचा एक तालुका झाला. गावात राहणाऱ्याचं यात काही अडलं नाही. वावर तिथेच होतं, विहीर तिथेच होती. अडलं ते गाव सोडून गेलेल्याचं. साठच्या दशकाच्या शेवटी जो शिकून अमेरिकेला गेला, तिथला नागरिक झाला आणि उतारवयात भारताकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मागायला आला, त्याला पहिला प्रश्न जन्मस्थानाचा आला. शाळेच्या दाखल्यावर एक जिल्हा, जुन्या पासपोर्टवर तोच, आणि गावाच्या आजच्या कागदांवर दुसरा. माणूस एकच आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर.

वऱ्हाडाच्या बाबतीत हा गुंता आणखी मागे जातो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, १९०२ च्या कराराने तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने दिला. नावापुरती मालकी मात्र निजामाचीच राहिली. १९३६ च्या करारात इंग्रजांनी ती पुन्हा मान्य केली आणि हैदराबादच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. वाशीम तर एके काळी स्वतंत्र जिल्हाच होता. १९०५ मध्ये इंग्रजांनी तो मोडला, वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळला दिलं. इंग्रजी दफ्तरात वाशीमचं स्पेलिंग ‘बासिम’ असं होई, म्हणून जुन्या कागदावर एक गाव आणि नव्या कागदावर दुसरंच गाव दिसतं. पैनगंगेच्या पलीकडे हिंगोलीची बाजू १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. तिकडच्या सोयरिकी वाशीम-रिसोडच्या घराघरांत आहेत. म्हणजे एकाच कुटुंबातला मामा संस्थानी प्रजा आणि भाचा इंग्रजी अमलाखालचा. ओसीआयच्या नियमात पात्रतेचं एक कलम असं आहे की अर्जदार १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातला असावा. ते अशाच प्रदेशांसाठी घातलं आहे. कलम आहे हे चांगलंच, पण त्याचा कागद अर्जदाराने आणायचा आहे.

बाहेर गेलेल्या माणसाचं काय करायचं हा प्रश्न देशाने पहिल्यांदा हाताळला तो घटना समितीत, १९४९ च्या ऑगस्टमध्ये. मसुदा समितीला नागरिकत्वाच्या कलमाने जितका त्रास दिला तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या कलमाने दिला, असं डॉ. आंबेडकरांनी ते मांडताना सांगितलं होतं. त्या चर्चेत सर्वांत तावातावाने बोलणाऱ्यांत एक वऱ्हाडी आवाज होता: अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. त्यांचं म्हणणं असं की, निव्वळ जन्मावरून नागरिकत्व देणारा मसुदा ते फार स्वस्त करून टाकतो. मुंबई बंदरातून पुढे जाणाऱ्या परदेशी जोडप्याला इथे मूल झालं, तर तेही भारतीय ठरेल. दुसऱ्या टोकाला त्यांनी सुचवलं की, दुसऱ्या कुठल्याही देशाचं नागरिकत्व नसलेल्या प्रत्येक हिंदू किंवा शीख माणसाला, तो जगात कुठेही राहत असो, भारताचं नागरिक होण्याचा हक्क असावा. घटना समितीने ते मानलं नाही, आणि धर्मावरून नागरिकत्व वाटणं टाळलं ते योग्यच केलं असं मला वाटतं. पण बाहेर गेलेल्याशी या देशाचं नातं काय राहणार, हा पंजाबरावांचा प्रश्न खरा होता. पुढे १९५२ पासून दहा वर्षं ते देशाचे कृषिमंत्री होते. जमीन आणि नागरिकत्व या दोन्ही गोष्टी इतक्या जवळून पाहिलेला दुसरा वऱ्हाडी पुढारी मला दिसत नाही.

घटनेने निर्णय दिला तो अनुच्छेद ९ मध्ये: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेला माणूस भारताचा नागरिक राहणार नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने तोच नियम पुढे चालवला. फाळणीनंतरच्या काळात तो समजण्यासारखा होता. दोन देशांतल्या लाखो माणसांची निष्ठा कुठे, हा प्रश्न तेव्हा रक्ताने लिहिला जात होता. नियम मात्र त्या काळापुरता राहिला नाही.

बाहेर गेल्याची झळ बसलेला विदर्भातला एक मोठा माणूस म्हणजे वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अमेरिकेत गेले, गदर चळवळीच्या आरंभीच्या माणसांत होते, पहिल्या महायुद्धात इराणकडच्या आघाडीवर पोचले आणि अखेर मेक्सिकोत स्थिरावले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत त्यांनी शिकवलं, मक्याच्या जातींवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटून खाणाऱ्यांच्या चित्रात त्यांना रंगवलं. ज्या इंग्रजांविरुद्ध ते आयुष्यभर झगडले त्यांनी खानखोज्यांचं नाव काळ्या यादीत घातलं होतं. इंग्रज गेले, यादी राहिली. स्वतंत्र भारताने त्यांचा प्रवेशाचा अर्ज सुरुवातीला त्याच यादीवरून नाकारला. नंतर तो निर्णय फिरला, ते परत आले आणि २२ जानेवारी १९६७ ला नागपुरात वारले. आपल्या शत्रूने केलेली नोंद आपल्याच सरकारने तपासल्याशिवाय पुढे चालवावी, याचं मला आजही वाईट वाटतं. दफ्तरात एकदा पडलेली ओळ कोणाचीही सत्ता आली तरी आपोआप खोडली जात नाही, आणि परदेशात बसलेल्या माणसाला ती खोडून घेता येत नाही. पुढच्या पन्नास वर्षांतल्या साध्यासुध्या अर्जदारांनी हेच अनुभवलं. त्यांच्या बाबतीत फक्त क्रांतीचा इतिहास नव्हता.

१९६५ मध्ये अमेरिकेने आपला देशांतराचा कायदा बदलला आणि नागपूरचे डॉक्टर, इंजिनिअर तिकडे जाऊ लागले. वऱ्हाडातला कापूस पिकवणाऱ्या घरातला हुशार मुलगा नागपूरला किंवा अमरावतीला शिके आणि तिथून पुढे जाई. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं, तोवर त्यांची मुलं तिकडच्या शाळांत होती. नोकरीसाठी, बायको-मुलांच्या कागदांसाठी, कधी आईवडिलांना बोलावता यावं म्हणून माणसं तिथली नागरिक झाली. ज्या दिवशी शपथ घेतली त्या दिवशी त्यांचं भारतीय नागरिकत्व संपलं. बहुतेकांनी जुना निळा पासपोर्ट कपाटात ठेवून दिला, काहींनी फेकला. तो परत करायचा असतो हे फारसं कोणी सांगितलं नव्हतं.

सरकारला या माणसांची आठवण झाली ती नव्वदच्या दशकात, परकीय चलनाची गरज भासल्यावर. १९९९ च्या मार्चमध्ये भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठी पीआयओ कार्ड आलं. वीस वर्षांचं कार्ड आणि फी १,००० डॉलर. प्रतिसाद मिळेना, तेव्हा २००२ मध्ये नवी योजना आली आणि फी ३१० डॉलरवर उतरली. दरम्यान २००० मध्ये लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय समिती नेमली गेली. तिने ८ जानेवारी २००२ ला अहवाल दिला आणि दुहेरी नागरिकत्वाला अनुकूल मत मांडलं. गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले तो ९ जानेवारी हा प्रवासी भारतीय दिवस ठरला. २००३ च्या पहिल्याच सोहळ्यात अटलबिहारी वाजपेयींनी दुहेरी नागरिकत्वाची घोषणा केली. त्या घोषणेने परदेशातल्या मराठी घरांत किती आशा निर्माण झाली हे त्या वेळचे फोन आठवणाऱ्यांना विचारावं.

कायदा आला तो वेगळाच. २००३ च्या दुरुस्तीत सोळा देशांपुरती सवलत होती. २००५ मध्ये ती पाकिस्तान आणि बांगलादेश सोडून, दुहेरी नागरिकत्व चालवून घेणाऱ्या सर्व देशांना लागू केली. २ डिसेंबर २००५ ला ओसीआय योजना सुरू झाली, जानेवारी २००६ मध्ये हैदराबादच्या सोहळ्यात मनमोहन सिंगांनी पहिली कार्डं दिली. २७५ डॉलर भरले की आयुष्यभराचा व्हिसा, पोलिसांकडे नोंदणीची गरज नाही, आर्थिक व शैक्षणिक बाबतींत अनिवासी भारतीयाच्या बरोबरीने वागणूक. मतदान नाही, निवडणूक नाही, सरकारी नोकरीत समान हक्क नाही. हे सगळं पोटात घालता येण्यासारखं होतं. पण एक अट वाशीमसारख्या जिल्ह्यातून गेलेल्यांना थेट लागणारी होती: शेतजमीन आणि मळे विकत घेता येणार नाहीत.

मुंबई-पुण्याच्या माणसाला ही अट जाणवतही नाही. त्याला फ्लॅट घ्यायचा असतो, तो घेता येतो. वाशीम, रिसोड, मालेगाव, मानोरा, कारंजा इथल्या घरांत मालमत्ता म्हणजे वावर. सोयाबीन आणि तुरीचं कोरडवाहू वावर, भावाभावांत वाटलेलं. परदेशी नागरिक झालेल्या मुलाला बापाची जमीन वारसाने मिळू शकते, एवढी वाट कायद्याने उघडी ठेवली आहे. ती विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. भावाचा हिस्सा घेऊन तुकडे एक करावेत म्हटलं तर ते खरेदीत मोडतं, म्हणून बंद. त्यावर विदर्भासाठीचा १९५८ चा कुळवहिवाट कायदा आहेच, जो बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन जाऊ देत नाही. त्या कायद्यामागचा हेतू, म्हणजे कसणाऱ्याची जमीन पैसेवाल्याने गिळू नये, मला पूर्ण पटतो. परदेशी पैशाने वऱ्हाडातली वावरं विकत घेतली जाऊ नयेत हेही पटतं. पण सख्ख्या भावाचा दोन एकराचा हिस्सा आणि एखाद्या गुंतवणूकदाराची शेकडो एकरांची खरेदी यात फरक करणारी एक ओळही नियमात नसावी, हे पटत नाही.

वारसाची वाट उघडी असली तरी ती चालून जाणं सोपं नाही. बाप वारला की तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करायचा. गाव नमुना सहा-क मध्ये वारसांची नावं चढतात, मग फेरफार, मग सातबारा. गावातला भाऊ हजर असतो, परदेशातली बहीण नसते. तिने मुखत्यारपत्र करून पाठवायचं तर आधी भारतीय वकिलातीत साक्षांकन, इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक. त्यात तिचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि अमेरिकन पासपोर्टवरचं नाव ही तीन वेगळी. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलत. सत्तरच्या दशकातल्या लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र क्वचितच कोणाकडे असतं, असते ती पत्रिका आणि फोटो. तलाठ्याला ती बहीण ओळखीची असली तरी ओळख कागदावर चालत नाही. अनेक ठिकाणी मग सोपा मार्ग निघतो: हक्कसोड. बहिणीने हक्क सोडला की सगळं सुटतं. ती प्रेमाने सोडते की कंटाळून, हे दस्तात लिहिलेलं नसतं.

ओसीआयचा अर्ज हीच परीक्षा वरच्या पातळीवर घेतो. जुना भारतीय पासपोर्ट असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर अधिवासाचा किंवा जन्मस्थानाचा महसुली दाखला. त्यासाठी पुन्हा तहसील. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. त्याआधी वऱ्हाडातल्या खेड्यांत जन्माची नोंद कोतवाल बुकात होई. तीत बापाचं नाव, जात, गाव आणि मुलगा की मुलगी एवढंच अनेकदा असे, कारण बारसं नंतर व्हायचं. जुनी पानं मोडीत. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर असतं, त्यात मास्तरांनी शाळेत घालण्यासाठी सोयीची जन्मतारीख टाकलेली. परदेशात वाढलेला नातू आजोबांच्या नावावर अर्ज करतो तेव्हा त्याला ही सगळी साखळी जोडायची असते, आणि त्याला देवनागरीही वाचता येत नसते.

२०१० च्या उन्हाळ्यात सरकारने नवा नियम काढला: पूर्वीचं भारतीय नागरिकत्व सोडल्याचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय व्हिसा किंवा ओसीआय मिळणार नाही. फी १७५ डॉलर. ज्यांनी वीस-तीस वर्षांपूर्वी शपथ घेतली होती, ज्यांना त्यानंतर भारताने अनेकदा व्हिसा दिला होता, त्यांनाही हे लागू. अमेरिकेतल्या भारतीयांनी मोठा विरोध केला. अखेर १ जून २०१० पूर्वी नागरिकत्व घेतलेल्यांसाठी फी २० डॉलर झाली. रक्कम कमी झाली, पण जुना पासपोर्ट शोधण्याचा त्रास तसाच राहिला.

पीआयओ आणि ओसीआय एकत्र करण्याचं २०११ मध्ये जाहीर झालं आणि २०१५ च्या जानेवारीत प्रत्यक्षात आलं. पीआयओ कार्डधारक ओसीआय ठरले, पण त्यांनी कार्ड बदलून घ्यायचं होतं, त्याच्या मुदती पुन्हापुन्हा वाढत राहिल्या. शिवाय विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टबरोबर आणि पन्नाशीनंतर एकदा कार्ड नव्याने घ्यायचं, असा नियम. तो फारसा कोणाला ठाऊक नव्हता. २०१९ च्या अखेरीस जुना पासपोर्ट बरोबर नसल्याने लोकांना परदेशातल्या विमानतळांवरूनच परत पाठवल्याच्या बातम्या आल्या. नियम सैल व्हायला २०२१ चा एप्रिल उजाडला. आता विसाव्या वर्षानंतर एकदाच नवं कार्ड, बाकी वेळी कागद ऑनलाइन चढवायचे, विनाशुल्क.

पण या सगळ्या काळात ज्याने खोल जखम केली ते २०२० चं वर्ष. १३ मार्चपासून ओसीआयधारकांची व्हिसाशिवाय येण्याची सोय थांबवली गेली. आयुष्यभराचा व्हिसा एका आदेशाने बाजूला ठेवता येतो हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. विमानं नंतर बंद झालीच, त्यामुळे नागरिकांनाही येता आलं नाही हे खरं. पण परत आणण्याची पहिली विमानं मे महिन्यात निघाली तेव्हा ती भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांसाठी होती. आईवडील भारतीय नागरिक आणि तान्हं मूल तिकडे जन्मलेलं म्हणून ओसीआय, अशी कुटुंबं अडकली. घरातल्या मृत्यूसाठी, लहान मुलांसाठी आणि काही इतर कारणांसाठी सवलत २२ मे ला आली. त्याआधीच्या दहा आठवड्यांत ज्यांचे आईवडील गेले त्यांनी अंत्यविधी मोबाईलवर पाहिला, तेरवीही. महामारी कोणाच्या हातात नव्हती. सवलतीचा आदेश सरकारच्या हातात होता, आणि तो पहिल्याच आठवड्यात निघायला हवा होता.

४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने वैद्यकीयसारख्या प्रवेशांत ओसीआय विद्यार्थ्यांना फक्त अनिवासी भारतीयांच्या जागा ठेवल्या. इथेच शाळा शिकलेल्या मुलांचे प्रवेश अडले. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ ला निकाल दिला की त्या तारखेपूर्वी कार्ड मिळालेल्यांना जुने हक्क राहतील. त्यानंतरच्यांना नाहीत.

सरकारने ऐकून घेतल्याची उदाहरणंही आहेत. इस्रायलमध्ये गेलेल्या, कोकणातून आलेल्या मराठी बेने इस्रायली कुटुंबांतल्या तरुणांना तिथे सक्तीची लष्करी सेवा करावी लागते, आणि परदेशी सैन्यात सेवा म्हणजे ओसीआयला अडथळा. जुलै २०१७ मध्ये तेल अवीवला पंतप्रधान मोदींनी ही अडचण दूर करण्याची घोषणा केली. मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत कार्ड देण्याचं २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पोर्ट लुईला जाहीर केलं. तिथल्या मराठी लोकांनाही त्याचा लाभ आहे. नियम माणसाकडे पाहून वाकवता येतो, हे यावरून दिसतं.

आज जगभरात चाळीस लाखांहून जास्त ओसीआयधारक आहेत, आणि २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. त्यात वाशीमचे किती, हे कोणी मोजत नाही. जिल्हा लहान आहे, मागास म्हणून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, त्यामुळे त्याच्याकडे परदेशी माणसांचा जिल्हा म्हणून कोणी पाहतही नाही. पण इथून गेलेल्याला मुंबईच्या माणसापेक्षा जास्त कागद गोळा करावे लागतात, आणि ते गोळा करण्याची जागा म्हणजे वाशीम आणि अकोल्याची अभिलेख कक्षं.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना राज्यभर हीच दफ्तरं उघडली गेली. कोतवाल बुकं, दाखल-खारीज रजिस्टरं, जुने महसुली कागद. मोडी वाचणारे बोलावले, पानं स्कॅन केली, लाखो नोंदी सापडल्या आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या. ते काम आरक्षणासाठी झालं, पण पान तेच आहे. जन्मस्थानाच्या दाखल्यासाठी ती स्कॅन केलेली नोंद ग्राह्य धरावी, जिल्हा आणि राज्य बदलल्याच्या तारखा जिल्हाधिकाऱ्यांनी एका प्रमाणित तक्त्यात लावून वकिलातींकडे पाठवाव्यात, ‘बासिम’ आणि वाशीम एकच असल्याचं एकदाच लिहून द्यावं. याला नवा कायदा लागत नाही, दिल्लीची परवानगीही लागत नाही. वाशीमच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला हे काम स्वतः हाती घेता येईल.